भिंतीवरचा लाल चेंडू

१

पडदा सरकला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या संपायच्या आत शिवणकाकू खुर्चीवरून उठून थेट भिंतीपाशी गेल्या.

तरणतलावाची ती लांबलचक भिंत. महिन्याभरापूर्वी तिचे पोपडे उडालेले होते. आज या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फोटो: वीसेक वर्षांपूर्वीचा मुलींचा संघ काठावर ओळीनं उभा, केस ओले, खांद्यावर टॉवेल, मागे निळंशार पाणी. डावीकडून तिसरी, सगळ्यांत मोठ्यानं हसणारी, ती काकूंची एकुलती एक लेक. संघात तिला सगळे बेडकी म्हणायचे. याच तलावात उडी मारताना तिचं डोकं तळाला आपटलं आणि ती परत घरी आलीच नाही. त्यानंतर कपडे शिवून, उसवून, पुन्हा शिवून काकूंनी दिवस काढले.

काकूंनी लेकीच्या हातावर हात ठेवला. वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वळून म्हणाल्या, "ही माझी बेडकी नाही."

तलावाच्या सेक्रेटरीनं लगेच माइक ओढला. "आईचं काळीज आहे, मंडळी. आपण समजून घेऊ या. पण फोटो बघा तरी कसा आलाय! तो कोपऱ्यातला लाल चेंडूसुद्धा उचलून घ्यावासा वाटतो!"

लोक सुटल्यासारखे हसले आणि चहाच्या टेबलाकडे वळले.

"अहो, दात बघा तिचे!" काकू ओरडल्या. "समोरच्या दाताचा कोपरा तुटला होता शिडीवर आपटून. हिचे दात बघा, ओळीनं मोती मांडलेत!"

कुणी बघितलं नाही. एका बाईनं त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि हातात पाण्याचा ग्लास दिला. म्हातारं माणूस खरं बोलायला लागलं की लोक त्याला पाणी पाजतात.

भिंगताई शेवटच्या रांगेत उभी होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. भिंतीवर मोठे फोटो छापून चिकटवणाऱ्या दुकानात तिचं काम एकच, फोटो शोधणं. गळ्यात सदा भिंग, म्हणून हे नाव. लोकांना वाटतं, फोनमधला कुठलाही फोटो ताणला की झाली भिंत. अहो, एवढ्याशा फोटोत तपशील असून असून किती असणार! ताणला की नाकाचा भोपळा होतो आणि डोळ्यांची डबकी. मोठ्या भिंतीला असा फोटो लागतो, ज्यात पापणीचा केस न् केस आधीपासून हजर आहे. हा फोटो तिनं म्हाताऱ्या फोटोकाकांच्या पेट्या उपसून शोधला होता. त्यांच्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह होती ती, खणखणीत. तिनं स्वतः स्कॅन केली, इंच न् इंच तपासली.

आणि त्या स्कॅनमध्ये तुटका दात होता. तिनं तो आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

२

"विषय संपवा, भिंगताई," दुसऱ्या दिवशी सकाळी मालक म्हणाले. "छपाईत पुसला असेल दात."

"छपाईत दात पुसला जाईल मालक, नवा उगवणार नाही!"

मालकांनी हात वर केले आणि फोनला लागले. भिंगताई छपाईच्या खोलीत गेली. तिथं संगणकावर चष्मिस बसला होता. फोटोची जुळवाजुळव करून यंत्रावर चढवायचं काम त्याचं.

"माझी मूळ फाइल दाखव."

"ही काय. तुम्ही ठेवलेली."

नाव तेच होतं. उघडली तर आत बेडकी मोत्यांसारखे दात दाखवत हसत होती. मूळ स्कॅनचा पत्ता नाही. दुसरी प्रत भिंगताईकडे असती, पण एवढ्या अवजड फायली दोन ठिकाणी ठेवायला मालक जागा देत नव्हते. काटकसर म्हणे!

"मला शेंड्या लावू नकोस," ती म्हणाली. "ही माझी फाइल नाही."

चष्मिसनं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग त्याचा बांध फुटला. "ताई, मी यंत्रावर चढवायला घेतली तेव्हा फाइल छोटी होती. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावायचं होतं. मला वाटलं, तुम्हीच चुकून छोटी ठेवलीत. मग मी ती... त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. लहानाचं मोठं करतं ते. जिथं तपशील नाही, तिथं अंदाजानं भरतं."

"अंदाजानं?"

"म्हणजे त्यानं लाखो हसरे चेहरे पाहिलेले असतात ना, त्यावरून..."

"अरे, एका गेलेल्या पोरीचा चेहरा अंदाजानं भरलास? तिच्या आईला दाखवायला? लाज कशी वाटली नाही रे! मला एक फोन करायला तुझे हात मोडले होते?"

"तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून..."

"वा! म्हणे माझं नाव!"

चष्मिस रडायच्या बेतात आला होता. भिंगताईनं खुर्ची ओढली. रागावून झालं होतं, आता विचार करायचा होता. छोटी फाइल आली कुठून? अशा छोट्या प्रती तीच पाठवायची, फोटो पसंत करून घ्यायला. कुणी चुकून तीच छापू नये म्हणून प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात ती एक रंगीत ठिपका द्यायची. मालक चेष्टेनं म्हणायचे, "लावलीत का बाळाला तीट?" हा फोटो तिनं तिघांना पाठवला होता: मालकांना, फोटोकाकांना आणि सेक्रेटरीला. ज्याला त्याला वेगळा रंग, वेगळा कोपरा.

"तीट कुठल्या रंगाची होती?"

"तीच तर गंमत आहे ताई! तीट असती तर मी ओळखलं नसतं का? आधी मी उघडून पाहिलीच नाही, सरळ सॉफ्टवेअरमध्ये ढकलली. मोठी झाल्यावर नीट पाहिली. कुठंही ठिपका नाही."

"त्या आठवड्यात या खोलीत कोण कोण आलं?"

"मालक तर रोजच येतात. फोटोकाका निगेटिव्ह परत न्यायला आले होते. आणि सेक्रेटरीसाहेब नमुन्याची पट्टी बघायला."

पूर्ण भिंत छापायच्या आधी दुकानात एक उभी पट्टी खऱ्या आकारात छापतात, रंग बघायला. भिंगताईनं मुद्दाम बेडकी जिच्यात येते ती पट्टी निवडली होती.

"पट्टी कुठाय?"

"साहेब गुंडाळून घेऊन गेले. आठवण म्हणून."

ठिपका नसलेली प्रत म्हणजे भिंगताईनं न पाठवलेली प्रत. आणि अशी प्रत काढायची तर हातात मूळ निगेटिव्ह हवी. ती एकाच माणसाकडे होती.

३

फोटोकाकांच्या स्टुडिओत आता गिऱ्हाईक येत नव्हतं. काका पाठीला उशी लावून बसले होते.

"निगेटिव्ह?" ते म्हणाले. "माझ्याकडे नाही गं. सेक्रेटरी घेऊन गेला. तलावाच्या जुन्या वस्तूंचं कपाट करणार आहेत म्हणाला. म्हटलं, माझ्या पेटीत धूळ खाण्यापेक्षा बरं."

"कधी नेली?"

"तुमच्या दुकानातून मी घेऊन आलो त्याच संध्याकाळी. पट्टी बघून आलो म्हणाला, भारावून गेला होता."

"काका, या फोटोची दुसरी प्रत तुम्ही कुणाला दिलीत? खरं सांगा."

काकांचा चेहरा उतरला. "नाही गं. तो फोटो मी कधी मोठा केलाच नाही. तो त्याच दिवशीचा आहे ना. सकाळी सरावाच्या आधी शॉवर घेऊन आलेल्या पोरींना उभं केलं, फोटो काढला आणि घरी आलो. दुपारी बातमी आली. मग ती निगेटिव्ह पेटीत टाकली ती टाकलीच. तू शोधून काढलीस, काकूंना कळलं, आणि हाच फोटो हवा म्हणून त्यांनी तलावाच्या अध्यक्षबाईंकडे धरणं धरलं. शेवटचा फोटो होता ना तो त्यांच्या लेकीचा."

भिंगताईला गलबलून आलं. काकांवर संशय घेतल्याचं तिला वाईट वाटलं, पण माफी मागायला वेळ नव्हता. ती तडक तलावावर गेली.

सेक्रेटरीची खोली तलावाला लागूनच होती. ढाल-चषकांच्या रांगेखाली सेक्रेटरी बसला होता. केस चापूनचोपून बसवलेले.

"या ताई! काकूंचं मनावर घेऊ नका."

"निगेटिव्ह बघायची होती."

"हां, ती... सफाई झाली ना, इकडची वस्तू तिकडे झाली असेल. बघतो."

"आणि पट्टी?"

"ती फाटली हो. टाकून दिली." मग न विचारताच तो सुरू झाला. "काकूंना अजून तो दिवस विसरता येत नाही, काय करणार! मी तेव्हा इथला व्यवस्थापक. चौकशीत मी सगळं स्वच्छ सांगितलंय. पाणी काठाखालच्या काळ्या रेषेपर्यंत, म्हणजे पूर्ण भरलेलं होतं. तरी उडी मारायची बाजू दुरुस्तीसाठी आदल्या संध्याकाळपासून दोर बांधून बंद होती. पोरगी दोर ओलांडून गेली, त्याला कोण काय करणार?"

भिंगताईनं पाण्याचं नाव काढलं नव्हतं. दोराचं तर नाहीच नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

४

बाहेर सराव चालला होता. प्रशिक्षक बाई शिट्टी वाजवून पोरांना दटावत होत्या, "दोर ओलांडायचा नाही! बेडकी व्हायचंय का?"

भिंतीसमोरच्या बाकावर शिवणकाकू बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं. भिंगताई शेजारी बसली.

"रोज असंच म्हणतात का?"

"वीस वर्षं म्हणतायत. बाजारात म्हणतात, लग्नकार्यात म्हणतात. पोरीनंच आगाऊपणा केला." काकूंचा आवाज रडका नव्हता, चिडलेला होता. "अगं, माझी पोर आगाऊ होती. वर्गात तोंड बंद नसायचं तिचं. पण पाण्याच्या बाबतीत? दोर असता तर तिनं पायसुद्धा टाकला नसता पलीकडे. हे मी चौकशीत ओरडून सांगितलं. तेव्हाही मला पाणीच पाजलं."

काकूंनी भिंतीच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"आणि हे चेंडूचं काय नाटक?" काकू एकदम म्हणाल्या. "काठावर चेंडू आणायला तेव्हा बंदी होती. बेडकीनं एकदा आणला म्हणून संघातून काढायला निघाले होते तिला."

भिंगताई उठली. उजवीकडे खाली, अगदी कोपऱ्यात, ओल्या फरशीवर लाल चेंडू. चकचकीत, त्याला सावलीसुद्धा. भिंग लावून तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तिनं स्कॅन इंच न् इंच तपासला होता. त्यात चेंडू नव्हता!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चष्मिस म्हणाला होता, ठिपका कुठंच नव्हता. असणार कसा? त्या सॉफ्टवेअरला ठिपका ठाऊक नाही. त्याला तलावाच्या काठावर एक लाल गोल दिसला आणि त्यानं अंदाज बांधला. तलावाकाठी लाल आणि गोल काय असतं?

मालकांच्या प्रतीवर निळा ठिपका होता, डावीकडे वर. फोटोकाकांच्या प्रतीवर हिरवा. लाल ठिपका, उजवीकडे खाली, हा गिऱ्हाइकाचा. म्हणजे सेक्रेटरीचा.

"चोर सापडला," भिंगताई म्हणाली. "पण काकू, त्यानं हे का केलं ते दाखवता आलं नाही, तर तो म्हणेल चुकून झालं. आणि सगळे त्याच्यावरच विश्वास ठेवतील."

५

सेक्रेटरीनं पट्टी पाहिली आणि त्याच दिवशी निगेटिव्ह उचलली. खऱ्या आकारात त्याला असं काहीतरी दिसलं होतं, जे फोनवरच्या फोटोत दिसत नव्हतं. फोटो बदला म्हणायची सोय नव्हती, कारण काकूंना शब्द दिला गेला होता, आमंत्रणावरही हाच फोटो होता. म्हणून फोटो तोच ठेवायचा आणि त्यातला तपशील मारायचा!

पण पट्टी गेली, निगेटिव्ह गेली, फाइल गेली. सगळ्या वाटा बंद.

"एकच पट्टी छापली होतीस ना?" दुकानात परत येऊन तिनं चष्मिसला विचारलं.

"एकच. म्हणजे... पहिली फार निळी आली होती. ती बाद केली आणि दुसरी साहेबांना दाखवली."

"बाद केलेली कुठं गेली?"

"खळबुवांकडे. बाद कागद तेच नेतात."

खळबुवा म्हणजे भिंतीवर कागद चिकटवणारा कारागीर. खळ लावताना टेबल खराब होऊ नये म्हणून तो बाद छपाया टेबलावर पालथ्या अंथरायचा, एकावर एक.

"फाडू नका हं," दोघं त्याच्या टेबलावर तुटून पडल्यावर तो कुरकुरला. "दोन महिन्यांची गादी झालीय, मऊ बसते."

एक थर निघाला, दोन निघाले. कुणाचं तरी जंगल, कुणाचा तरी धबधबा. तिसरा थर उलटला आणि खालून निळ्याशार रंगात बेडकी हसली.

समोरच्या दाताचा कोपरा नव्हता. भुवईवर पाण्याचा थेंब होता. चष्मिस मान खाली घालून उभा राहिला.

भिंगताईनं चेहऱ्यावरून नजर काढून मागे नेली. स्कॅन करताना फरशा किती सुरेख आल्यात म्हणून ती खूश झाली होती. किती फरशा दिसतात, हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं. तिनं भिंग टेकवलं. पुन्हा टेकवलं.

"खळबुवा," ती म्हणाली, "उद्या शिडी आणि खळीची बादली घेऊन तलावावर या."

६

सकाळी भिंतीसमोर अध्यक्षबाई, मालक, फोटोकाका, प्रशिक्षक बाई आणि सराव सोडून आलेले पोहणारे जमले. काकू बाकावर ताठ बसल्या होत्या. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होता.

"साहेब, त्या दिवशी पाणी कुठपर्यंत होतं?" भिंगताईनं विचारलं.

"काळ्या रेषेपर्यंत! कितीदा सांगायचं?"

"आणि दोर?"

"आदल्या संध्याकाळपासून बांधलेला. चौकशीत आहे सगळं."

"बरं. आता हा चेंडू. तुम्हाला फार आवडला होता ना?" भिंगताईनं तिटांचा मामला सगळ्यांना समजावून सांगितला. "अध्यक्षबाई, ही लाल तीट फक्त यांच्या फोनमध्ये होती. पट्टी बघायला आले, चष्मिस छपाईच्या यंत्राकडे वळला, आणि यांनी फोन जोडून माझी फाइल पुसली. त्याच नावानं आपली छोटी प्रत ठेवली. वाटलं, छोट्या फोटोत मागचं सगळं धूसर होईल. सॉफ्टवेअरनं तर यांना आणखी मदत केली, त्यानं तलाव काठोकाठ भरून टाकला."

"चुकून झालं असेल!" सेक्रेटरी ओरडला. "आणि मी कशाला करीन असं? बदनामी चाललीय माझी!"

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! भिंगताईनं खूण केली. खळबुवा शिडीवर चढला आणि त्यानं पट्टी वरून खाली सोडली.

सेक्रेटरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"बघा," भिंगताई म्हणाली. "ही काळी रेष. आणि पाणी कुठाय? रेषेखाली एक, दोन, तीन, चार फरशांच्या ओळी कोरड्या. तलाव गळत होता आणि यांनी भरला नव्हता. भरायला अख्खा दिवस लागतो, काका फोटो काढून गेल्यावर दुपारपर्यंत भरणं शक्यच नाही. म्हणून पोरीचं डोकं तळाला लागलं. आणि आदल्या संध्याकाळी बांधलेला दोर? तो बघा मागे. खुंटीला गुंडाळून टांगलाय."

फोटोकाका पुढे झाले, चष्मा सारून त्यांनी पाहिलं. "वीस वर्षं माझ्या पेटीत होतं हे," ते पुटपुटले.

"मी तेव्हा नवा होतो," सेक्रेटरी म्हणाला. "वरून सांगितलं होतं, पाणी जपून वापरा..."

"आणि मेलेल्या पोरीवर ढकलायलाही वरूनच सांगितलं होतं का?" अध्यक्षबाईंचा आवाज चढला. "किल्ल्या ठेवा इथं. चौकशी पुन्हा होईल, आणि या वेळी काकूंचं आधी ऐकलं जाईल."

किल्ल्या बाकावर पडल्या. खळबुवानं कुणाला न विचारता ब्रश बादलीत बुडवला आणि ती निळी पट्टी मोत्यांच्या दातांवर चिकटवून टाकली. झळझळीत भिंतीत ती भलतीच वेगळी दिसत होती, कडेला वाळलेल्या खळीचे डाग होते.

"रंग जुळत नाहीये," मालक म्हणाले. "निगेटिव्ह मिळाली की पूर्ण भिंत नवी छापून देतो. फुकट."

"खुशाल छापा," काकू म्हणाल्या. "पण तोवर हिला हात लावायचा नाही."

त्या पट्टीपाशी गेल्या. लेकीच्या तुटक्या दाताला हात पोचत नव्हता, म्हणून खांद्यावरच्या टॉवेलवर ठेवला. "ही माझी," त्या म्हणाल्या, आणि आता कुठं त्यांना रडू आलं. या वेळी पाणी कुणी पुढे केलं नाही.

थोड्या वेळानं डोळे पुसून त्या प्रशिक्षक बाईंकडे वळल्या. "उद्यापासून पोरांना काय सांगणार गं तू?"

बाईंची मान खाली गेली. "सांगेन, की उडी मारायच्या आधी पाणी बघा."

"आणि?"

बाईंनी मान वर केली आणि पोहणाऱ्या सगळ्या पोरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आणि बेडकीनं दोर ओलांडला नव्हता."